किलोभर तांदूळ आणि एक रिकामं कवच

शेवपुरीच्या चपट्या पुऱ्या घरी करणाऱ्याला एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागत नाही. पुरी लाटून झाली की तिला काट्यानं टोचे मारायचे आणि मगच ती तेलात सोडायची. टोचे मारायचे राहिले तर पुरी टम्म फुगते आणि तिच्यावर बटाटा ठरत नाही. पाय किंवा टार्टचं कवच सारण भरण्याआधी रिकामंच भाजून घेतात, त्या कृतीचं अर्धं मर्म या टोच्यांत आहे. इंग्रजीत तिला ‘ब्लाइंड बेकिंग’ म्हणतात. उरलेलं अर्धं मर्म मात्र पुरीकडून शिकता येत नाही, कारण पुरीला भिंत नसते. कवचाला असते, आणि ओव्हनमध्ये पहिल्या दहा मिनिटांत तीच खाली बसते.

माझं पहिलं कवच असंच बसलं होतं. लिंबाचं टार्ट करायचं होतं. पुस्तकात ‘वजनं ठेवा’ एवढंच लिहिलेलं, म्हणून तळाशी मूठभर हरभरे पसरले आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. बाहेर काढलं तेव्हा चारही बाजूंची भिंत घसरून तळाशी गोळा झाली होती. सारण ओतायला जागाच उरली नव्हती. चिनीमातीच्या खास गोळ्या विकत मिळतात, त्या नव्हत्या म्हणून हे झालं, असं मी बरेच दिवस समजत होते. गोळ्यांचा प्रश्न नव्हता. हरभऱ्यांचं काम तळाशी आहे, ही माझी समजूतच चुकीची होती.

पण आधी, रिकामं भाजायचं तरी कशाला?

भाजणं आणि उकडणं यांतला फरक मराठी स्वयंपाकघरात कुणालाही ठाऊक असतो. पापड भाजला तर कुरकुरीत होतो, वाफेवर धरला तर लिबलिबीत. अंडं, दूध आणि साखरेचं पातळ कस्टर्ड कच्च्या मैद्याच्या पारीत ओतून तसंच ओव्हनमध्ये ठेवलं, तर खालची पारी भाजली जात नाही, उकडली जाते. सारणात पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांपर्यंतही जात नाही. त्याला चिकटून बसलेल्या पारीतली ओल बाहेर पडायला वाट नसते. मैद्याला बिस्किटासारखा रंग आणि खमंगपणा यायचा तर त्यातलं पाणी निघून जाऊन तापमान १४० अंशांच्या पुढे चढावं लागतं. वर कस्टर्ड असताना हे होणं कठीण. बरं, म्हणून आच वाढवावी तर कस्टर्ड फाटतं. अंड्याचं मिश्रण ८० ते ८५ अंशांच्या आसपास घट्ट होतं आणि त्यापुढे गेलं की त्याच्या गुठळ्या होऊन पाणी सुटतं. त्याला १६०-१७० अंशांचा मवाळ ओव्हन हवा, तर कवचाला १९०-२०० अंशांचा कडक. दोघांचं एका वेळी जमत नाही, म्हणून कवचाला त्याचा वेळ आधी द्यायचा.

ही अडचण नवी नाही. पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या हस्तलिखित पाककृतींत कस्टर्डसाठी पिठाचं कवच आधी भट्टीत कडक करून घ्यायला सांगितलेलं आढळतं. त्या कवचाला तेव्हा ‘कॉफिन’ म्हणत, म्हणजे नुसती पेटी. आणि ‘कस्टर्ड’ हा शब्दच मुळी ‘क्रस्टेड’पासून, म्हणजे कवचात भाजलेल्या पदार्थाच्या नावापासून आला आहे. आज आपण कस्टर्ड म्हणून वाटीत जे खातो, त्याच्या नावात अजून ते हरवलेलं कवच शिल्लक आहे.

किश, भोपळ्याचा पाय, अंड्याचं कस्टर्ड टार्ट यांना अर्धवट भाजलेलं कवच लागतं, कारण सारणासोबत ते पुन्हा ओव्हनमध्ये जाणार असतं. लेमन कर्ड, चॉकलेटचं क्रीम, केळी आणि टॉफीचा बनॉफी अशा थंड सारणांना पूर्ण भाजलेलं. सफरचंदाच्या झाकणवाल्या पायला बहुधा यातलं काहीच लागत नाही. तो पाऊण तास ते तासभर चांगल्या कडक आचेवर राहतो, तेवढ्यात तळ भाजून निघतो.

आता कवच बिघडतं का, ते पाहू. त्यात तीनच पदार्थ असतात, आणि तिघंही आपापल्या परीनं त्रास देतात.

पहिलं पाणी. आपल्या बाजारातल्या बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश असतो आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी. शिवाय पीठ भिजवताना आपण घातलेलं पाणी असतंच. तापल्यावर त्याची वाफ होते आणि पाण्यापेक्षा तिला दीडहजारपटींहून जास्त जागा लागते. फुलका याच वाफेवर फुगतो. तोच फुगा कवचाच्या तळाशी आला की मधोमध टेकाड उभं राहतं.

दुसरा स्निग्धांश. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे मे महिन्यातल्या मुंबईच्या ओट्यावरच. मैदा मात्र त्याहून कितीतरी वर, ७०-८० अंशांच्या घरात गेल्यावर आकार धरू लागतो. या दोन्हींच्या मधल्या काळात भिंतीला आधार देणारं काहीच नसतं. भिंत कोसळते ती याच मिनिटांत.

तिसरा मैद्यातला चिकटपणा, ग्लुटेन. कणीक न मुरवता पोळी लाटायला घेतली की ती मागे मागे येते. लाटताना ताणलेली पारीही ओव्हनच्या उष्णतेत तशीच मागे येते, आक्रसते, आणि काठ सोडून आत सरकते.

पुढची प्रत्येक पायरी या तिघांपैकी कुणाला तरी आवरण्यासाठी आहे. हे ध्यानात ठेवलं तर माप थोडं चुकलं तरी निभावतं.

पीठ असं घ्यायचं: १६० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बटर म्हणजे छोटं एक पाकीट, आणि बर्फाचं गार पाणी तीन ते चार टेबलस्पून. बटर खारं असलं तर मीठ नको. गोड सारण असेल तर चमचाभर पिठीसाखर. नऊ इंचांच्या, म्हणजे साधारण २३ सेंटिमीटरच्या भांड्याला हे पुरतं. बटर फ्रीजमधून काढल्याबरोबर बारीक तुकडे करून मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं.

शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो, इथे थंडगार बटर घालतो, पण उद्देश एकाच जातीचा आहे. मैद्याच्या कणाभोवती तुपाचं अस्तर बसलं की पाणी आत शिरत नाही, ग्लुटेन कमी तयार होतं आणि खुसखुशीतपणा येतो. मोहन प्रत्येक कणापर्यंत पोचतं, म्हणून शंकरपाळी रवाळ होते. बटरचे मोठे तुकडे राहू दिले तर ते वितळून पदर सुटतात. पाश्चात्य पुस्तकं पदरांचं फार कौतुक करतात. ओलं सारण घ्यायचं असेल तर मी मात्र रवाळपणाच्या बाजूनं आहे. मिश्रण जाडसर रव्यासारखं दिसेपर्यंत चोळावं, अधूनमधून हरभऱ्याच्या डाळीएवढा एखादा तुकडा राहिला तर राहू द्यावा. असं कवच सारणाची ओल सावकाश पितं आणि फुगतंही कमी. मग पाणी शिंपडत गोळा जेमतेम जमेल इतकंच एकत्र करायचं. मळायचं नाही. कणकेवर बसलेला हात इथे आवरावा लागतो. गोळा चपटा करून, झाकून फ्रीजमध्ये किमान अर्धा तास मुरू द्यावा. एवढ्या वेळात ग्लुटेन सैलावतं आणि बटर पुन्हा घट्ट होतं.

लाटण्याच्या बाबतीत आपलं घर कुणाहून मागे नाही. पोळपाट लहान पडतो, म्हणून ओट्यावर लाटावं. मधून बाहेर, दर वेळी पारी थोडी फिरवत, जाडी तीन मिलिमीटर, म्हणजे भाकरीएवढी. पारी भांड्यापेक्षा सगळ्या बाजूंनी दोन इंच मोठी हवी. निघालेली कात्रणं टाकू नयेत, पुढे लागणार आहेत.

भांडं म्हणाल तर उतरत्या काठाची खोलगट ताटली चालते, अ‍ॅल्युमिनियमचं केकचं भांडंही चालतं. स्टीलपेक्षा अ‍ॅल्युमिनियम बरं, कारण उष्णता सगळीकडे सारखी पसरते. केकच्या भांड्याची भिंत उभी असते, तिच्यावरून पारी लवकर घसरते, म्हणून दीड इंचापर्यंतच चढवावी. पारी लाटण्यावर गुंडाळून भांड्यावर सोडायची, आणि काठ उचलून उचलून तिला आपल्या वजनानं कोपऱ्यात उतरू द्यायचं. बोटांनी ताणून कोपऱ्यात बसवली, तर जितकी ताणली तितकी ती आत परत येणार. ताटलीच्या काठावरून अर्धा इंच बाहेर लोंबू द्यावी आणि काठाखाली हलकी दाबावी, म्हणजे भिंतीला धरायला काहीतरी मिळतं. मग तळाला काट्यानं टोचे, बोटाबोटाच्या अंतरावर. सारण फारच पातळ असेल तर टोचे बारीक आणि कमी ठेवावेत, म्हणजे ते खाली झिरपणार नाही. यानंतर भांडं अर्धा तास फ्रीझरमध्ये. दगडासारखी गार पारी ओव्हनमध्ये गेली की मैद्याला आकार धरायला थोडी उसंत मिळते. हा अर्धा तास मी कधीच वगळत नाही. मात्र काचेचं भांडं असेल तर ते फ्रीझरमधून थेट गरम ओव्हनमध्ये ठेवू नये, तडकतं. काचेला फ्रीजपुरताच गारवा द्यावा.

आता वजनं. वजनांचं मुख्य काम भिंत धरून ठेवणं हे आहे. तळाला तर टोचेही सांभाळतात. भिंतीला मात्र आतून कुणीतरी रेटा द्यावा लागतो, आणि तो भांडं काठोकाठ भरलं तरच मिळतो. मूठभर हरभरे तळाशी पसरून काही उपयोग नाही. नऊ इंचांच्या भांड्याला किलोच्या आसपास धान्य लागतं.

राजमा, हरभरे, वाटाणे सगळेच चालतात. मला तांदूळ आवडतो. राजम्याच्या दाण्यांमध्ये फटी राहतात, कोपऱ्यात तर बोट जाईल एवढी पोकळी उरते. तांदूळ पाण्यासारखा वाहतो, कोपऱ्यात जातो, भिंतीला सगळ्या उंचीवर सारखा टेकतो. त्याचा एकच धोका: कागद फाटला तर दाणे कच्च्या पिठात रुततात आणि वेचता वेचता पुरेवाट होते. म्हणून खाली फॉइल किंवा कागदाचे दोन थर द्यावेत. फॉइल कोपऱ्यात नीट बसते. कागद वापरायचा तर आधी चुरगाळून मग पसरावा, त्याचा ताठरपणा जातो. किराणा दुकानात बटर पेपर या नावाखाली मेणाचा कागदही मिळतो. तो ओव्हनमध्ये वितळतो आणि धूर करतो, म्हणून पाकिटावर बेकिंगसाठी असल्याचं पाहूनच घ्यावा. वर्तमानपत्राचा कागद तर नकोच, त्याची शाई पिठाला लागते.

सारख्या आकाराची दोन भांडी असतील तर धान्याचीही गरज नाही. एकात पारी बसवायची, तिच्यावर कागद, त्यावर दुसरं भांडं दाबून ठेवायचं आणि जोडी उलटी करून भाजायची. मग भिंत घसरायची ती काठाकडे घसरते, म्हणजे जिथे असायला हवी तिकडेच.

वजन म्हणून साखरही वापरतात. अमेरिकेतल्या बेकिंग-लेखिका स्टेला पार्क्स यांनी ही रीत लोकप्रिय केली. फॉइलवर काठोकाठ साखर भरून १७५ अंशांवर तासभर सावकाश भाजायचं. तांदळासारखीच ती कोपऱ्यात जाते, शिवाय तासाभरात तिला फिकट बदामी रंग आणि हलका खमंगपणा येतो. तीच साखर पुढे चहात किंवा केकमध्ये वापरता येते. साखर १८६ अंशांच्या सुमाराला वितळते, म्हणून ओव्हन त्याच्या जवळपासही जाऊ देऊ नये. ज्यांच्या छोट्या ओव्हनच्या आकड्यावर भरवसा नाही, त्यांनी तांदळावरच थांबावं.

घरगुती ओटीजी २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं आधी तापवावा, खालच्या-वरच्या दोन्ही कांड्या चालू ठेवून. दांडा नसलेला लोखंडी तवा आत मावत असेल तर तो जाळीवर ठेवून सोबतच तापवावा आणि धातूचं भांडं त्याच्यावर टेकवावं. तळाला पोळीसारखी खालून थेट आच मिळते. धान्य उष्णता सावकाश जाऊ देतं, त्यामुळे वरून तळ उशिरा भाजतो, ती कसर तवा भरून काढतो. काचेचं भांडं मात्र तापलेल्या तव्यावर ठेवू नये.

वजनांसकट वीस ते पंचवीस मिनिटं. काठावर फिकट सोनेरी रंग आला की कागदाचं एक टोक हळूच उचलून पाहायचं. पारी कागदाला चिकटून वर येत असेल तर आणखी पाच मिनिटं. सुटी झाली असेल तर भांडं बाहेर काढून, कागद चारही टोकांनी एकत्र धरून तांदूळ परातीत ओतावा. तो निखाऱ्यासारखा गरम असतो, प्लॅस्टिकच्या डब्यात ओतू नये. हात जाड फडक्यात असावेत, आणि किलोचं वजन पातळ कागदावर आहे हे विसरू नये. घरात दुसरं कुणी असेल तर या एका मिनिटासाठी बोलवावं.

आत दिसणारी पारी या वेळी पांढुरकी, ओलसर आणि निराश करणारी असते. इथेच पुष्कळजण थांबतात आणि सारण ओततात. थांबू नये. भांडं पुन्हा आत ठेवायचं, वजनांशिवाय. आता आकार पक्का झालाय, ओल बाहेर पडायला वरचं आभाळ मोकळं आहे, आणि उकडणं संपून भाजणं सुरू होतं ते या टप्प्यात. पुन्हा ओव्हनमध्ये जाणाऱ्या कवचाला आठ-दहा मिनिटं: तळावरची ओली चकाकी जाऊन तो कोरडा, मंद दिसू लागला की पुरे. थंड सारणाच्या कवचाला पंधरा ते वीस मिनिटं, तळाला मारी बिस्किटाचा रंग येईपर्यंत. मधेच तळ कुठे फुगला तर पळीच्या पाठीनं हलकेच दाबावा किंवा सुईनं टोचावा, वाफ निघून जाते. छोट्या ओटीजीत वरची कांडी जवळ असते आणि काठ करपू लागतो. फॉइलची पट्टी काठावर घातली की थांबतं.

ओव्हन नसेल तर? जाड बुडाच्या जुन्या कढईत दोन वाट्या मीठ पसरून, त्यावर तिवई, घट्ट झाकण, दहा-बारा मिनिटं मध्यम आचेवर तापवून तिच्यात हे कवच भाजता येतं. नॉनस्टिक कढई अशी कोरडी तापवू नये. तळ उत्तम भाजतो, आच खालूनच असते. काठाला आणि आतल्या बाजूला मात्र रंग कमी येतो. वजनं काढल्यावर झाकण किंचित तिरकं ठेवावं, नाहीतर आत कोंडलेली वाफ सगळी मेहनत वाया घालवते. मिनिटं मी सांगत नाही, प्रत्येक कढई आणि प्रत्येक शेगडी वेगळी. डोळ्यांनी रंग पाहावा. थंड सारणाचं कवच यात चांगलं जमतं. किश किंवा कस्टर्ड मी कढईत करत नाही, मवाळ आच इतका वेळ एकसारखी टिकत नाही.

भाजलेल्या कवचाला एखादी बारीक चीर गेलेली दिसेल. त्यासाठी ती कात्रणं. कच्च्या पिठाचा पातळ तुकडा पाण्याच्या बोटानं चिरेवर लिंपायचा आणि दोन-तीन मिनिटं पुन्हा भाजायचं. पातळ कस्टर्ड असेल तर अंड्याचा फेटलेला पांढरा भाग ब्रशनं आतून पुसून घ्यावा आणि मिनिट-दोन मिनिटं आत ठेवावं, टोच्यांची भोकं त्यानं बुजतात. अंडं न खाणाऱ्यांनी थंड सारणाखाली वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात द्यावा. तो घट्ट झाला की ओल खाली जात नाही.

बिस्किटांच्या चुऱ्याचं कवच या सगळ्या खटाटोपातून सुटलेलं आहे. चुरा आणि वितळलेलं बटर भांड्यात दाबून आठ-दहा मिनिटं रिकामं भाजलं की झालं, वजनं नकोत, टोचे नकोत. त्यात ताणलं जाणारं ग्लुटेनच नाही. अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर रुजवलेला आंब्याचा पाय याच कवचावर उभा असतो. पॉडकास्टकार हृषीकेश हिरवे यांच्या आईच्या हातचा असा पाय पाककला-लेखिका समीन नोसरत यांनी न्यूयॉर्क टाइम्समधून सगळ्यांपर्यंत पोचवला. डब्यातला आमरस, क्रीम चीज आणि चुऱ्यात वेलदोडा.

कस्टर्ड ओतायचं तर कवच गरम असतानाच ओतावं आणि कस्टर्डही कोमट असावं, म्हणजे ते लवकर धरतं आणि कवचाला भिजायला वेळ मिळत नाही. भांडं ओव्हनच्या जाळीवर ठेवून मगच ओतलं तर हिंदकळून काठाबाहेर जात नाही. थंड सारणासाठी मात्र कवच पूर्ण गार हवं. त्याच दिवशी भरायचं नसेल तर भाजलेलं कवच घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस सहज राहतं. पावसाळ्यात ते रात्रीतून सादळतं. तेव्हा १६० अंशांवर दहा मिनिटं पुन्हा ठेवलं की पहिल्यासारखं खुटखुटीत होतं. आणि तो तांदूळ गार झाल्यावर वेगळ्या बरणीत भरून ठेवावा. भाजून भाजून तो कोरडा ठाक झालेला असतो, भाताला उपयोगाचा राहत नाही, पण पुढच्या वीस कवचांना पुरतो. बरणीवर तसं लिहून ठेवावं.